वाटेच्या डोक्यावरची गाडी

चावी आत गेली आणि तिथेच राहिली. फिरली नाही.

मी ती बाहेर काढली, उलटी करून पुन्हा घातली. फिरली नाही. मग हात मांडीवर ठेवून मी नुसती बसून राहिले. समोर काच, काचेवर मिठाची साय, आणि त्या सायीपलीकडे समुद्र. वायपरचे दोन्ही हात काचेच्या मध्यावर उभेच्या उभे राहिलेले. सात आठवडे ते तसेच उभे होते. मी पाहिले होते. म्हणजे नजर त्यांच्यावरून गेली होती.

"काय झालं, वहिनी?" तोमासीने खिडकीतून डोकं घातलं. तोमासी माझा धाकटा दीर. इतके दिवस उभ्या गाडीची बॅटरी मेली असणार म्हणून सकाळीच त्याने स्वतःच्या गाडीतली बॅटरी काढून या गाडीत बसवली होती, आणि आता हात पुसत उभा होता.

"फिरत नाही."

"काय फिरत नाही?"

"चावी."

"चावी कशी फिरणार नाही? तिला दुसरं काम काय आहे?"

त्याने मला उतरवलं, स्वतः बसला, दात आवळून चावी फिरवून पाहिली. मग उतरला आणि गाडीकडे असं पाहिलं, की जणू ओळखीच्या माणसाने रस्त्यात तोंड फिरवलं.

आमच्या नियुए बेटावर चावी कुणी काढत नाही. गाडी दारात असो, चर्चपुढे असो, शेताच्या कडेला असो, चावी जागच्या जागी. बेट एवढंसं, पळवून पळवून गाडी कुठे नेणार? फिरून संध्याकाळी तिथेच येणार. कुणाच्या बायकोला कळा लागल्या, कुणाला ताप चढला, तर जवळ दिसेल त्या गाडीत बसावं आणि निघावं. परत आणून लावताना मागच्या सीटवर दोन-चार अळकुड्या नाहीतर पपई ठेवावी. त्यात सगळं आलं.

आणि समुद्राच्या वाटेवर तर गाडी म्हणजे माणसाची खूणच. आमच्या गावाला वाळूचा किनारा नाही, कडा आहे. कड्यातून खाली उतरणारी एकच वाट. खाली कपारीत होड्या ठेवलेल्या, एका होडीत एकच माणूस मावेल एवढ्या. वाटेच्या डोक्यावर माणूस गाडी लावतो, वल्हं खांद्यावर टाकतो आणि उतरतो. गाडी उभी आहे म्हणजे माणूस पाण्यावर आहे. गाडी गेली म्हणजे माणूस घरी पोचला. दिवस कलताना कुणीतरी जाता जाता मान वळवून मोजतं: दोन गाड्या, दोन माणसं.

सकालियाची गाडी सात आठवडे उभी होती.

माझा नवरा सकालिया शनिवारी उजाडताना गेला. पाऊस होता. पावसाला तो कधी जुमानत नसे. म्हणायचा, मासा काय छत्री घेऊन येतो? दुपारी ऊन पडलं. संध्याकाळी मोजणाऱ्याने मोजलं, एक गाडी. पुरुष मोटरबोटी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. विमान दोनदा बेटाभोवती फिरलं. चौथ्या दिवशी उत्तरेकडच्या खडकात होडीचा तोल धरणारा बाजूचा ओंडका सापडला, दोरीसकट. एवढंच. यापेक्षा जास्त माझ्याकडेही काही नाही.

एकेकाने आपली होडी कपारीतून वर काढली, आणि तेव्हापासून आमच्या वाटेने कुणी उतरलं नव्हतं. कुणी ठरवलं नाही, पाद्र्यांनीही सांगितलं नाही. पण गाडी तिथे आहे तोवर तो खाली आहे, आणि तो खाली आहे तोवर पाणी त्याचं. गावातले लोक ट्रकवर होड्या लादून शेजारच्या गावाला जायचे, त्यांची परवानगी मागून त्यांच्या वाटेने उतरायचे. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

माझ्याकडे बघून बायका म्हणायच्या, धीराची आहे हो एसेता. धीर नव्हता तो. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल कुणा दुसऱ्याचा वाटतो ना, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी कपडे धुतले, अळकुड्या सोलल्या, रविवारी पांढरी टोपी घालून चर्चमध्ये गायले. आवाज लागत होता. जिभेला चव लागत नव्हती.

मागच्या सोमवारी विलिआमुकाका आले. त्यांच्याकडे गावातला एकुलता एक ट्रॅक्टर आहे आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावरची जागा. ओसरीवर बसले. मी वाफवलेली अळकुडी आणि नारळाचं दूध पुढे ठेवलं. खाल्लं. पाऊस-पाण्याचं बोलले. उठता उठता म्हणाले, "शेजारच्या गावात कालोआमा आलाय म्हणतात."

कालोआमा म्हणजे बोटाएवढे लालसर मासे. वर्षातून एकदाच थव्याने कड्याच्या पायाशी येतात, थोडे दिवस राहतात आणि जातात. पोरं-बाळं, म्हातारी माणसं, सगळं गाव त्यांची वाट बघतं.

"बराच आलाय का?"

"बराच म्हणे या वर्षी." ते पायरीकडे बघत राहिले.

"शनिवारी गाडी नेते, काका."

"मी तसं काही म्हटलं नाही हं, पोरी."

"माहीत आहे."

"चालू नाही झाली तर चार वाजता ट्रॅक्टर घेऊन येतो. रविवारी काही हात लावता यायचा नाही, आणि सोमवारी मग..."

"हो. सोमवारी मग उतरू दे सगळ्यांना."

ट्रॅक्टर म्हटल्यावर मात्र मला काहीतरी झालं. गावामागच्या रानात, जिथे रस्ता संपतो, तिथे ट्रॅक्टरने ओढून नेलेल्या गाड्या आहेत. वेलींनी त्यांच्या खिडक्या शिवून टाकल्यात. आधी म्हणतात, तात्पुरती नेऊ, मग बघू. ओढत नेलेली गाडी परत आलेली मी पाहिली नाही. मला बाकी काही नको होतं. ती गाडी तिच्या चाकांवर, तिच्या आवाजात वर यावी, सकालिया आणायचा तशी. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सात आठवड्यांत मला हवीशी वाटलेली ती एकच गोष्ट होती, म्हणून मी तिला धरून होते.

आणि आता चावी फिरत नव्हती.

"खारं वारं," तोमासी म्हणाला. "आत गंज धरला असेल. एवढे दिवस चावी आत असती तर..."

चावी आत नव्हती, कारण सालोमेताईंनी ती काढली होती. सालोमेताई माझ्या मोठ्या नणंद, तीस वर्षं ऑकलंडला. सकालिया गेल्याचं कळल्यावर पुढच्या विमानाने आल्या, माझ्या वाटचंही रडल्या, आणि जायच्या दिवशी वाटेच्या डोक्यावर येऊन गाडीतली चावी काढून, रुमालात बांधून माझ्या मुठीत ठेवली. "अशी उघडी नको टाकूस गं. त्याची वस्तू आहे." मी ती चहाच्या डब्यात ठेवली. चहा करताना हाताला लागायची. थंड असायची.

"मला विचाराल का कुणी?" सावलीतून आवाज आला.

फिसाआत्या. माझ्या सासऱ्यांची बहीण, ऐंशीच्या पुढची. सकाळपासून पांढऱ्या बदामाच्या झाडाखाली चटई टाकून, केवड्याच्या पात्या मांडीवर घेऊन टोपी विणत बसली होती. बोलावलं कुणी नव्हतं. ती बोलावल्यावर येत नाही, न बोलावता येते. विणता विणता गुणगुणायची तिला सवय:

*समुद्राला नाही दार, नाही कडी ना कुलूप,*
*जाणाऱ्याने जावं बाई, येणाऱ्याने गुपचूप.*

"विचारतो, आत्या," तोमासी म्हणाला. "तू किती गाड्या दुरुस्त केल्यास आजवर?"

"तुझ्या बापाला दुरुस्त केलं. गाडी काय चीज आहे!" तिने गाण्याच्या पुस्तकातून पेन्सिल काढली. "हिची पूड घाल. चर्चच्या पेटीचं कुलूप अडलं की पाद्रीणबाई हेच करते."

तोमासीने चाकूने शिसं खरवडलं, चावीला चोळलं, आत-बाहेर केलं. चावी काळी झाली, त्याची बोटं काळी झाली. फिरली नाही.

"मग तेल घाल."

"नको, आत्या."

पण तोवर ती उठून आली होती. कमरेच्या पिशवीतली नारळाच्या तेलाची बाटली तिने छिद्रापाशी कलती केली. शिसं आणि तेल मिळून काळा ओघळ स्टिअरिंगच्या दांड्यावरून खाली आला.

"आत्या! ते काय डोकं आहे?"

"तुझ्या डोक्याला वेळेवर घातलं असतं तर आज ही पाळी आली नसती."

तोमासीला हसू आलं. मलाही यायला हवं होतं. कुठे यायचं ते ठिकाण मला ठाऊक होतं, तिथवर पोचले नाही, एवढंच. मी स्कर्टच्या कडेने तेल पुसलं. स्टिअरिंगवर उजव्या बाजूला, जिथे सकालियाचा अंगठा असायचा, तिथलं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. तेही पुसलं.

तीन वाजून गेले असतील, तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज आला.

"चारला येणार होता ना, काका?" तोमासी म्हणाला.

"घड्याळ पुढे आहे माझं." विलिआमुकाका उतरले. ट्रॅक्टरच्या मागे साखळी होती, ती त्यांनी खाली टाकली नाही, तशीच लोंबत ठेवली. गाडीभोवती एक फेरी मारली. "सगळं करून पाहिलंत?"

"पेन्सिल, तेल, शिव्या," आत्याने यादी दिली.

"प्रार्थना?"

काकांनी टोपी काढली, बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. छोटीशीच केली प्रार्थना. देवा, हे कुलूप तुझ्यापुढे काय आहे, असं काहीतरी. आमेन झाल्यावर ते स्वतः बसले, चावी धरली. हलली नाही. त्यांच्या मनाला जरा लागलं असावं. खिशातून पक्कड काढली.

"चिमटीत धरतो आणि देतो एक पीळ. माणसाच्या बोटांत जोर किती असणार!"

पकडीने चावीचं डोकं धरलं. त्यांचं मनगट वळलं. मी बाजूला उभी होते. चावीच्या गळ्यापाशी धातू पांढरट झालेला मला दिसला. वाकत होती.

"काका, सोडा."

"थोडंच राहिलंय..."

"सोडा म्हणते ना!"

माझाच आवाज. कितीतरी दिवसांनी मी तो एवढ्या मोठ्याने ऐकला. काकांनी पक्कड सोडली. चावी किंचित वाकलेली, छिद्रात तशीच. दुसरी चावी नव्हती. या बेटावर गाडीला दुसरी चावी कशाला लागते?

"मोडली असती म्हणजे?" मी हळू म्हणाले.

"चुकलं, पोरी." काकांनी पक्कड खिशात ठेवली आणि साखळीकडे मुद्दाम बघितलं नाही.

आत्या परत चटईवर बसली. बोटं विणत होती. "ज्याच्या हाताने काढली, त्याला विचारा," ती म्हणाली. "गाठ मारणाऱ्यालाच सोडवता येते."

तोमासीने सालोमेताईंना फोन लावला. मोठ्याने बोलायचं बटण दाबलं. मागे ऑकलंडच्या रस्त्याचा आवाज, कुणाचा तरी भोंगा.

"ताई, सकालियाच्या गाडीची चावी फिरत नाही."

"फिरत नाही म्हणजे? स्टिअरिंग हलतंय का?"

तोमासीने आत हात घालून हलवून पाहिलं. "थोडंसं. मग अडतं."

"अरे मग कुलूप लागलंय त्याला! चावी काढून ठेवली की स्टिअरिंगला आपोआप कुलूप लागतं. चोराने नेऊ नये म्हणून. इथे रोज होतं माझं. बाजारात गाडी लावली, चाक वाकडं राहिलं, की झालं."

"आणि मग काय करता?"

"काय करायचं! एका हाताने चाक जरा इकडे-तिकडे करायचं, दुसऱ्या हाताने चावी. जोर नाही लावायचा. हळू. पोरगं दार लावून रुसतं ना, तसं." त्या हसल्या. मग हसू थांबलं. "तोमासी... तिथे कुणी कधी चावी काढत नाही, नाही का रे?"

"नाही, ताई."

"म्हणजे मीच."

भोंगा पुन्हा वाजला.

"एसेता आहे का तिथे?"

"आहे मी, ताई."

"मी गं... इथे सवयच आहे. बाहेर पडलं की चावी काढायची. आधी हाताने काढली, मग कळलं मला. नंतर विमानात वाटलं, की त्याची शेवटची... तो परत आला असता तर त्याला चावी लागली असती ना?"

"बरं झालं काढलीत," मी म्हणाले. "गंजली असती."

मी आत बसले. डाव्या हाताने चाक धरलं, उजव्या हाताने चावी. हळू. चाक अर्धा अंगुळ उजवीकडे यायचं आणि अडायचं. डावीकडे तर मुळीच नाही. लाकडासारखं. चावी जागची हलत नव्हती.

"नाही होत, ताई," तोमासी फोनमध्ये म्हणाला.

"व्हायलाच हवं. चाकावर कशाचा भार आहे का? भार असला की आतला खिळा दाबला जातो, सुटत नाही. माझी एकदा फुटपाथला टेकली होती, तशी. कशाला टेकलीय का बघा."

तेव्हा मला दगड आठवला.

आठवला म्हणजे, तो समोरच होता. डाव्या पुढच्या चाकाखाली, गुडघ्याएवढा, पोवळ्याचा. या गाडीचा हँडब्रेक दोन वर्षांपूर्वी गेला होता. उतारावर लावताना सकालिया गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायचा आणि चाक डावीकडे पूर्ण वळवून त्या दगडावर टेकवायचा. टायर दगडाला लागला की गाडी एक हलका हुंकार द्यायची. "झोपली बाई," तो म्हणायचा. मी शंभरदा म्हटलं असेल, ब्रेक दुरुस्त कर. तो म्हणायचा, दगड काय पगार मागतो? परत निघताना इंजिन चालू करून मागे घ्यायचा. चावी कधी बाहेर आलेलीच नसे, त्यामुळे चाकाला कुलूप कधी लागलंच नव्हतं. ताईंनी चावी काढल्यापासून सगळ्या गाडीचा भार त्या एका चाकावरून त्या एका खिळ्यावर होता.

"दगडावर टेकलीय," मी म्हणाले. "मागे ढकलावी लागेल. वीतभर."

विलिआमुकाकांचा चेहरा उजळला. "एवढंच ना? ट्रॅक्टरने एक टिचकी..."

"ट्रॅक्टर नको, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या.

तोमासी आणि काका गाडीच्या पुढे गेले, समुद्राकडे पाठ करून. बॉनेटला खांदे लावले. आत्या विणकाम काखेत मारून त्यांच्या मधोमध उभी राहिली.

"आत्या, तू बाजूला हो."

"का? मी ढकलल्याशिवाय तुझा बाप तरी कुठे हलायचा?"

मी क्लच दाबला आणि गिअर काढला. गाडी तसूभर पुढे सरकून दगडावर आणखी टेकली. हुंकार आला. तोच. माझा हात गिअरवर तसाच राहिला.

"वहिनी! तयार?"

"हो."

"एक... दोन... घे!"

काचेपलीकडे तीन डोकी खाली गेली. गाडी मागे गेली, चार बोटं, आणि पुन्हा टेकली. दुसऱ्यांदा काकांनी चर्चमध्ये लावतात तसा वरचा सूर लावला आणि तिघे त्या सुरावर रेटायला लागले. गाडी मागे सरकली. टायर दगडावरून सुटल्याचं मला चाकात कळलं, हातातला ताण उतरला, जशी भरली घागर कुणी आपल्या डोक्यावरून घ्यावी. चाक जरासं सैल पडलं. मी चावीवर जोर दिला नाही. नुसता हात होता तिच्यावर.

ती फिरली.

आणि वायपर चालू झाले.

काचेच्या मध्यावर उभे होते, तिथून ते निघाले. उरलेली अर्धी फेरी त्यांनी पूर्ण केली, कडेला गेले, परत आले, पुन्हा गेले. कोरड्या काचेवर, मिठावरून, करकर करकर. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. पुढे तिघे खांदे लावून तसेच उभे, वाकलेले, वर बघत. वायपर त्यांच्या डोळ्यांपुढून ये-जा करत होते.

"हे कुणी..." काका म्हणाले.

"कुणी नाही," तोमासी म्हणाला. "त्या दिवशी पाऊस होता."

सकालियाने पावसात गाडी लावली होती. वायपर चालू असतानाच चावी मागे फिरवली होती, ते जिथे होते तिथे थांबले होते, आणि तो वल्हं घेऊन उतरला होता. घाईत. किंवा त्याला वाटलं असेल, परत येईतो पाऊस असेलच. त्यानंतर वायपरच्या दांडीला कुणाचा हात लागला नव्हता.

आत्या नुसती बॉनेटवर तळवा ठेवून उभी होती.

मी चावी आणखी पुढे फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तिघे बाजूला झाले. मी गाडी मागे घेतली, वळवली. दगड उघडा पडला. त्याच्यावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा होता. फोनमधून सालोमेताई विचारत होत्या, "काय झालं? अरे कुणी सांगाल का, काय झालं?" तोमासीने फोन माझ्या खिडकीपाशी धरला. इंजिन त्यांना ऐकू गेलं असावं.

वायपर बंद करायची दांडी कुठे आहे हे मला माहीत होतं. मी हात लावला नाही.

चढावरून गाडी वर आली, तिच्या चाकांवर, तिच्या आवाजात. आमच्याकडे रस्त्यात कुणीही दिसलं तर हात वर करायचा असतो, ओळखीचा असो-नसो. शाळेपाशी दोन बायकांनी केला. चर्चपाशी पाद्र्यांनी केला. कडक उन्हात वायपर चालू असलेली गाडी बघून त्यांचा हात वरच राहिला. मी चाकावरून एक बोट उचललं. सकालिया तेवढंच उचलायचा. काच दोन कमानींपुरती स्वच्छ झाली होती, त्यातून रस्ता दिसत होता.

अंगणात आल्यावर इंजिन चालू ठेवून मी थोडा वेळ बसले. मग दांडी खाली केली. वायपर एकदा वर गेले, खाली आले, आणि काचेच्या तळाशी एकमेकांशेजारी आडवे झाले. मग इंजिन बंद केलं.

चावी काढली नाही.

रविवारी चर्चमध्ये सकालियाचं नाव घेतलं गेलं, गेलेल्यांच्या यादीत. मी गायले.

सोमवारी पहाटे जाग आली तर अंगणात गाडी सुरू होत होती. तोमासीची गाडी बॅटरीवाचून पडलेली. त्याने ही घेतली होती. विचारलं नव्हतं. आमच्यात विचारत नाहीत. दिवसभर मी कपडे धुतले, टोपीसाठी आत्याला पात्या चिरून दिल्या. दुपारनंतर कान रस्त्याकडे होता, हे मला नंतर कळलं. वाटेच्या डोक्यावर आज कितीतरी गाड्या, त्यांत ही एक गाडी. एक माणूस.

ऊन कललं. चढावरून आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखते. गाडी अंगणात येऊन थांबली, दार वाजलं, पावलं कुंपणापलीकडे गेली. आला.

मी बाहेर गेले. चावी जागेवर होती, वाकलेली. मागच्या सीटवर केळीच्या पानात बांधलेला पुडा होता, ओला. आत कालोआमा, बोटाएवढे, लाल. मी ते साफ केले, नारळाच्या दुधात शिजवले, ताटलीत घेतले आणि पायरीवर बसून खाल्ले.

मीठ कमी झालं होतं. मी उठले आणि मीठ घेऊन आले.